इतकं खणून काढलं, मग पुन्हा बुजवलं का? (विंचेस्टरचं ओल्ड मिन्स्टर)

ओंजळ
आम्ही गेली अकरा वर्षं इंग्लंडात, विंचेस्टरपासून वीस मिनिटांवर राहतो. सध्या साताऱ्याहून बाबा आलेत. नोकरीभर पाटबंधारे खात्यात होते, त्यामुळे कुठेही गेलं की त्यांची नजर आधी पायाकडे जाते.

परवा त्यांना कॅथेड्रल दाखवायला नेलं. आत तासभर फिरलो, पण ते रमले बाहेर. कॅथेड्रलच्या उत्तरेला हिरवळ आहे आणि गवतात विटांच्या ओळी बसवल्यात. सरळ जातात, वळतात, एके ठिकाणी थेट कॅथेड्रलच्या भिंतीखाली शिरतात. तिथे ओल्ड मिन्स्टर होतं, म्हणजे सॅक्सन राजांचं चर्च. वेसेक्सचा राजा केनवाल्ख याने साधारण ६४८ मध्ये बांधलं. पुढे साडेतीनशे वर्षं वाढत गेलं आणि नॉर्मन लोकांनी शेजारी नवं कॅथेड्रल उभारल्यावर १०९३ मध्ये पाडलं. १९६२ ते १९६९ या काळात मार्टिन बिडल आणि बिर्था क्योल्बी-बिडल यांच्या देखरेखीखाली ही जागा खणली गेली.

बाबा त्या ओळींवरून पावलं मोजत एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "आठ वर्षं खणलं, एवढं मोठं देऊळ सापडलं, आणि पुन्हा माती लोटून वर गवत लावलं? का?"

मला नीट सांगता आलं नाही. इथे पुरातत्त्वातली मंडळी आहेत म्हणून विचारतेय. उघडं का नाही ठेवलं?

रानवारा
पाऊस आणि थंडी. उघडं ठेवलं असतं तर दहा हिवाळ्यांत भुगा झाला असता. भिंतीत मुरलेलं पाणी गोठतं, फुगतं, आणि वसंतात चुना पिठासारखा गळतो.

थापीवाला
रानवारा, बरोबर. पण इथे त्याहून मोठं कारण आहे. ओंजळ, बाबांना सांगा की बुजवण्यासारखं तिथे दगडी बांधकाम फार नव्हतंच. बहुतेक ठिकाणी सापडली ती भिंत *नसल्याची* जागा.

१०९३ मध्ये ओल्ड मिन्स्टर पाडलं ते दगड हवे होते म्हणून. चांगला घडीव दगड त्या भागात जवळपास मिळत नाही, लांबून आणावा लागतो. मग पाडणाऱ्यांनी वरच्या भिंती उतरवल्या आणि नंतर पायाच्या रेषेवर चर खणून खालचेही दगड उपसले. दगडाला चिकटलेला जुना चुना जागेवरच ठोकून काढायचा, दगड गाडीत, चुन्याचे खपले चरात. काम संपलं की चर त्याच राडारोड्याने भरायचा. आमच्या भाषेत याला लुटीचा चर म्हणतात.

नऊशे वर्षांनी वरून हळूहळू माती उतरवत गेलं की आजूबाजूची काळपट, घट्ट माती आणि मधून जाणारा पांढुरका, भुसभुशीत पट्टा वेगळा दिसतो. तो पट्टा म्हणजे भिंत. विद्यार्थी तो भराव थापीने उपसतात, कडा जिथे घट्ट लागते तिथे थांबतात, आणि रिकामा झालेला चर म्हणजे भिंतीचा साचा. या साच्यांवरून त्यांनी अख्खं चर्च कागदावर उभं केलं: आधीचं लहान क्रुसाच्या आकाराचं, मग पश्चिमेला वाढवलेलं, मग दहाव्या शतकात दोन्ही टोकांना भव्य झालेलं. शेवटी लांबी साधारण ७६ मीटर.

आता सांगा, रिकामे चर उघडे ठेवून लोकांना काय दाखवणार? पहिल्या मोठ्या पावसात कडा ढासळल्या की साचाही गेला. विटांच्या ओळी जास्त प्रामाणिक आहेत.

अभिजात
मला हे पटत नाही. युरोपभर काचेच्या फरशीखाली अवशेष दाखवतात. तळघर करून वरती छप्पर घालता आलं असतं. सामान्य माणसाला विटांच्या ओळीतून काही कळत नाही. ओंजळच्या बाबांना पाया वाचता येतो म्हणून ते थांबले, बाकीचे त्या गवतावर बसून सँडविच खातात. ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं आणि पैसा घातला, ती लोकांना दिसायलाच हवी.

थापीवाला
अभिजात, मी काचेखालचे अवशेष सांभाळण्याचं काम दोन वर्षं केलंय. खालून जमिनीची ओल चढते, वर काच, दिव्याची ऊब. सहा महिन्यांत हिरवं शेवाळ. मग औषध मारा, पुसा, पुन्हा शेवाळ. प्रत्येक पुसण्यात पृष्ठभाग थोडा झिजतो. आणि विंचेस्टरला पाण्याची पातळी इतकी वर आहे की कॅथेड्रलचं स्वतःचं तळघर हिवाळ्यात पाण्याने भरतं. १९०६ ते १९११ त्या इमारतीचा पाया सावरायला विल्यम वॉकर नावाचा पाणबुड्या रोज अंधाऱ्या पाण्यात उतरून हाताने चाचपत सिमेंटच्या गोण्या रचत होता. तिथे तळघरातलं संग्रहालय करायचं म्हणजे कायमचा पंप.

तुमचा मुद्दा मात्र मी सोडून देत नाही. लोकांना दिसलं पाहिजे हे मलाही वाटतं. ओळींबरोबर तिथे एखादी उभी प्रतिकृती हवी होती, माणसाला उंची कळेल अशी.

लीड्सची मेघना
'दिसायला हवं' याचं उत्तर आमच्या शेजारी यॉर्कला आहे. १९७६ ते १९८१ कॉपरगेट खणलं. तिथे माती ओली, हवा न पोचणारी, त्यामुळे दहाव्या शतकातल्या घरांच्या विणलेल्या कुडाच्या भिंतीसुद्धा टिकल्या होत्या. लाकूड, चामडं, कापड, सगळं. मग त्याच जागेखाली १९८४ मध्ये योर्विक केंद्र उघडलं. त्या काळातली गल्ली पुन्हा बांधलीय, वाससुद्धा सोडतात.

माझ्या मुलांना सगळ्यात काय आवडलं असेल? तिथल्या एका बँकेच्या जागी १९७२ मध्ये सापडलेली, वीस सेंटिमीटर लांबीची माणसाची विष्ठा. काचेत ठेवलीय. तिच्यात जंतांची अंडी मिळाली, त्यावरून त्या माणसाचं पोट कसं होतं हे कळतं. धाकटा आठवडाभर जेवताना तोच विषय काढायचा, शेवटी आईंनी ताटावरून उठवलं त्याला.

पण यॉर्क आणि विंचेस्टरच्या हिरवळीची तुलना होणार नाही. यॉर्कला वस्तू टिकल्या, विंचेस्टरला आकार टिकला.

पांढरीवरचा
थापीवाला यांचा लुटीचा चर वाचून अंगावर काटा आला, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या गावाला गढी आहे, नगर जिल्ह्यात. म्हणजे होती. वरचा वाडा कधीच पडला, पण खालचं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीचं, टेकाड तीन मजले उंच होतं. आमची घरं धाब्याची. मृग निघायच्या आधी प्रत्येकाने धाब्यावर नवी पांढरी टाकायची, नाहीतर गळणार. ती पांढरी आणायची कुठून? गढीवरून. आधी डोक्यावर घमेल्याने, मग बैलगाडीने, मग ट्रॅक्टर आले आणि शेतात टाकायला लोक ट्रॉल्या भरून नेऊ लागले. दगड तर त्याआधीच गेले होते, अर्ध्या गावाच्या जोत्यांत ते बसलेत.

पहिला पाऊस पडून गेला की आजी मला धाब्यावर पाठवायची, पन्हाळीत माती अडकली का बघायला. पावसाने वरची माती धुतलेली असायची आणि खडे चमकायचे. त्यात मला शंखाच्या बांगडीचे तुकडे मिळायचे, एकदा लाल मणी मिळाला, आरपार भोक असलेला. आम्ही मुलं ते गोट्यांच्या बदल्यात द्यायचो. म्हणजे कोणाचं तरी घर आमच्या छपरावर येऊन पडलं होतं.

आता तिथे सपाट मैदान आहे. चर वाचायला कोणी आलं नाही.

ओंजळ
पांढरीवरचा, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले की उकरलेली जमीन पुन्हा कधी पहिल्यासारखी होत नाही. कालव्याच्या कामात बुजवलेली जुनी विहीर आड आली की वर कसलंही चिन्ह नसलं तरी कुदळीचा आवाज बदलतो, बद्द येतो. "तुझ्या त्या लोकांनी नऊशे वर्षं जुन्या बुजवलेल्या विहिरी ओळखल्या म्हणायच्या," असं म्हणाले. थापीवाला, बरोबर समजलंय का?

थापीवाला
शंभर टक्के. तुमच्या बाबांना मी उद्या माझ्या खड्ड्यावर घेतो.

सांगलीकर अण्णा
धागा छान चाललाय. एक बाळबोध शंका. सॅक्सन म्हणजे नेमके कोण? इंग्रजच ना?

रानवारा
अण्णा, थोडक्यात: रोमन राजवट ब्रिटनमधून पाचव्या शतकात संपली. त्यानंतर उत्तर जर्मनी, डेन्मार्क या बाजूने अँगल, सॅक्सन, ज्यूट अशा टोळ्या आल्या. त्यांची छोटी छोटी राज्यं झाली, त्यातलं दक्षिणेचं वेसेक्स. पुढे याच घराण्यातल्या राजांनी एकसंध इंग्लंड घडवलं. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने जिंकलं, तिथून नॉर्मन काळ. 'इंग्लिश' हा शब्द अँगलवरून आला.

मावळतीकर
मला एक सरळ विचारायचंय. विजेत्यांनी हरलेल्यांचं सगळ्यात पवित्र ठिकाण पाडून त्याच्या छातीवर आपलं बांधलं, असंच ना हे? आपल्याकडे यावरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात आणि इथे सगळे दगड-चुन्याबद्दल बोलताहेत.

थापीवाला
मावळतीकर, प्रश्न रास्त आहे. तारखा पाहिल्या तर गुंता दिसतो. नवं कॅथेड्रल बिशप वॉकेलिनने १०७९ मध्ये सुरू केलं. चौदा वर्षं दोन्ही शेजारी शेजारी उभी होती, जुन्यात पूजा चालू होती. १०९३ च्या एप्रिलमध्ये भिक्षू नव्या इमारतीत गेले. १५ जुलैला संत स्विदनचे अवशेष मिरवणुकीने जुन्यातून नव्यात नेले. आणि दुसऱ्याच दिवशी वॉकेलिनच्या माणसांनी जुनं पाडायला घेतलं. मठाच्या बखरीत हे नोंदवलंय. म्हणजे धर्म तोच, संत तोच, त्याला सन्मानाने हलवलं, आणि मग घर पाडलं.

सत्ता दाखवायची होती यात शंका नाही. नॉर्मनांनी जवळपास प्रत्येक मोठं सॅक्सन चर्च पाडून मोठं बांधलं. त्या काळी कोणाला वाईट वाटलं नाही असंही नाही. वुस्टरचा बिशप वुल्फस्टन स्वतः सॅक्सन, नॉर्मन राजवटीतही पदावर टिकलेला. नवं चर्च त्यानेच बांधवलं. जुन्याचं छप्पर उतरवायला लागले तेव्हा तो उभा राहून रडला, अशी नोंद माम्सबरीच्या विल्यमने केलीय. आपण संतांचं काम पाडून आपलं नाव करतोय, असं त्याचं म्हणणं.

मावळतीकर
हे माहीत नव्हतं. धन्यवाद. स्वतः बांधवलं आणि स्वतःच रडला. यावर मला दोन दिवस विचार करावा लागेल.

पेटीवादक
अवांतर होईल पण राहवत नाही. ओल्ड मिन्स्टरमध्ये दहाव्या शतकात एक प्रचंड ऑर्गन होतं. तिथल्याच वुल्फस्टन नावाच्या भिक्षूने (वरचे बिशप वेगळे) लॅटिन कवितेत वर्णन केलंय: ४०० नळ्या, २६ भाते, आणि भाते मारायला ७० माणसं घामाघूम होऊन राबताहेत. आवाज शहरभर जायचा म्हणे. कवीने आकडे फुगवले असणार असं अभ्यासक म्हणतात, आणि मलाही तसंच वाटतं. मी एका हाताने भाता मारत तीन तास साथ करतो, माझा खांदा भरून येतो. सत्तर माणसं एका लयीत भाता मारताहेत हे डोळ्यांपुढे आणून बघा.

लीड्सची मेघना
पेटीवादक, आणि शेजारी न्यू मिन्स्टर होतं ना! वेसेक्सचा राजा आल्फ्रेड, त्याचा मुलगा थोरला एडवर्ड याने ९०१ मध्ये स्थापलेलं. दोन्ही इमारती इतक्या खेटून की मधून एक माणूस जेमतेम जाईल, आणि दोन्हीकडची गाणी एकमेकांत मिसळून गोंधळ व्हायचा, असं जुन्या लेखनात आहे. शेवटी १११० मध्ये न्यू मिन्स्टर शहराबाहेर हाइडला हलवलं.

सांगलीकर अण्णा
दोन गणपती मंडळांचे मांडव शेजारी. आलं लक्षात.

अभिजात
मी सकाळपासून वाचतोय, मत थोडं बदललंय, पूर्ण नाही. पण मला दुसरी गोष्ट खटकते. विंचेस्टरमधलं सगळं उत्खनन १९७१ ला संपलं. त्याचे ग्रंथ अजून येताहेत! पन्नास वर्षांनंतर! ज्या मुलांनी खणलं ती म्हातारी झाली. याला काय अर्थ आहे?

थापीवाला
अभिजात, ही टीका तिथल्या लोकांनीही केलीय आणि ती खरी आहे. पण त्या कामाचा आवाका बघा. सुरुवात १९६१ मध्ये झाली, कॅथेड्रलजवळच्या वाहनतळावर हॉटेल बांधायचं होतं म्हणून. पुढच्या वर्षी समिती झाली आणि बिडल यांनी ठरवलं की फक्त चर्च किंवा फक्त किल्ला खणायचा नाही, *शहर* समजून घ्यायचं. राजवाडा, बिशपचा वाडा, किल्ला, आणि त्याचबरोबर लोअर ब्रूक स्ट्रीटवरची साधी घरं. त्या गल्लीतून पाण्याचे पाट जायचे, तिथे कापड धुणारे, रंगवणारे राहायचे. दोन छोटी चर्चं होती, मोहल्ल्यापुरती. त्या घरांच्याही खाली सातव्या शतकातली छोटी दफनभूमी निघाली, आणि एका कबरीत सोन्याचा, गार्नेट या लाल खड्यांचा हार.

आणखी एक. विंचेस्टरचे काटकोनातले रस्ते रोमन आहेत असंच सगळे धरून चालायचे, कारण शहर मुळात रोमन, वेंटा बेल्गारुम. उत्खननात दिसलं की रोमन रस्ते कधीच गाडले गेले होते आणि आजची आखणी आल्फ्रेडच्या सुमाराची, नवव्या शतकाच्या अखेरीची आहे. विल्यमने १०६७ मध्ये किल्ल्यासाठी मातीचा भराव टाकला, त्याखाली गारगोट्यांनी फरसबंद केलेला सॅक्सन रस्ता मिळाला, पुन्हा पुन्हा दुरुस्त केलेला, एकावर एक थर. वायकिंग हल्ल्यांच्या काळात कोणीतरी दोरी धरून अख्खं शहर नव्याने आखलं. हे कळायला दहा वर्षं खणणं लागलं.

आणि पद्धत. आम्ही शिकलो ती व्हीलरची: चौकोनी खड्डे, मधे शेताच्या बांधासारखे मातीचे बांध राखायचे, बांधाच्या कडेवर थर वाचायचे. विंचेस्टरला भिंती लांबलचक आणि तुटक, बांध मधे आले तर काहीच जुळेना. म्हणून त्यांनी बांध काढून मोठं क्षेत्र एकदम उघडलं. मग हजारो थरांचा हिशेब कसा ठेवायचा? १९७३ मध्ये लोअर ब्रूक स्ट्रीटच्या नोंदींवर काम करताना एडवर्ड हॅरिस यांनी एक आकृती काढली. प्रत्येक थराला एक चौकट, कोण कोणाच्या वर ते रेघेने जोडायचं, वंशावळीसारखं. ती हॅरिस मॅट्रिक्स आज जगभर प्रत्येक खड्ड्यावर वापरतात. मी कालच एक भरली.

उशीर झालाच. पण नोंदी जपल्या होत्या म्हणून उशिरा तरी लिहिता येतंय. नोंदी नसलेलं उत्खनन लवकर छापलं काय आणि उशिरा काय.

मावळतीकर
व्हीलर म्हणजे आपल्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते तेच ना?

थापीवाला
तेच, १९४४ ते १९४८. आणि डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया लंडनला पीएचडी करत होते तेव्हा व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननावर काम करून आले होते. मेडन कॅसल म्हणजे डॉर्सेट, विंचेस्टरहून फार लांब नाही. पुढे त्यांनीच १९४५-४६ मध्ये मो. गं. दीक्षितांबरोबर कोल्हापूरचं ब्रह्मपुरीचं टेकाड खणलं. सातवाहनकालीन वस्ती, विटांची घरं, रोमन व्यापाराच्या खुणा. पोसायडनची कांस्यमूर्ती त्याच टेकाडातली. चालत्याबोलत्या शहराच्या पोटातलं उत्खनन आपल्याकडे तेव्हाच झालं होतं.

सांगलीकर अण्णा
ब्रह्मपुरी! पंचगंगेच्या घाटावर मी शंभर वेळा गेलोय. तिथे विटांची ओळ सोडा, शोधावं लागतं कुठे खणलं होतं ते. पोसायडन मात्र टाऊन हॉलच्या संग्रहालयात पाहिलाय, वीतभर उंचीचा. तो समुद्राचा देव आमच्या कोल्हापुरात कसा पोचला, हे शाळेत असताना मास्तरांना विचारलं होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी नकाशा आणला होता वर्गात.

काळी_माती
पुण्यात एका जुन्या पेठेत आमच्या मामाचा वाडा पुनर्विकासाला गेला. जेसीबीने पाया काढताना मी तिथे होतो. काळ्या मातीत राखेचा थर, खापऱ्या, आणि मातीचा अख्खा रांजण, काठावर बोटांनी केलेली नक्षी. मी बिल्डरच्या माणसाला म्हटलं दोन दिवस थांबा, कोणालातरी बोलावू. त्याने हो म्हटलं. रात्रीतून ट्रक लागले, सकाळी खड्डा साफ. मला आजही त्या रांजणाचा काठ डोळ्यांसमोर येतो. मी तेव्हाच फोटो काढायला हवा होता.

इंग्लंडात असं झालं तर काय करतात? काम थांबवतात का?

रानवारा
आम्ही इथे बांधकामाच्या नियोजनात काम करतो म्हणून सांगतो. १९८९ मध्ये लंडनला शेक्सपिअरच्या काळातल्या रोझ नाट्यगृहाचे अवशेष ऑफिसच्या इमारतीखाली सापडले आणि मोठं आंदोलन झालं. पुढच्या वर्षी, १९९० ला, सरकारने धोरण आणलं: परवानगी मागायच्या आधीच जागेत काय असू शकेल हे तपासायचं, शक्य तर अवशेष आहेत तसे जमिनीत ठेवायचे, नाहीतर उत्खननाचा खर्च बांधणाऱ्याने करायचा. आता ती बांधकामाच्या खर्चातली नेहमीची बाब झालीय. पायाचे खांब कुठे घ्यायचे हे सुद्धा अवशेष टाळून ठरवतात.

ओंजळच्या मूळ प्रश्नाचं एक उत्तर यातही आहे. 'जमिनीतच ठेवा' हीच आता पहिली पसंती. न खणलेलं ते सगळ्यात सुरक्षित.

काळी_माती
आधीच तपासायचं. म्हणजे भांडण जेसीबी यायच्या आधी होतं. तेवढं जरी आपल्याकडे प्रत्येक जुन्या पेठेत झालं तरी खूप.

वेशीपलीकडे
मी विंचेस्टरचीच. हाइड भागात दरवर्षी लोकांच्या परसात सामुदायिक उत्खनन होतं, मी दोन वर्षं गेले. माझ्या वाट्याला आला तो कौलाचा तुकडा. जाड, विटकरी, वरच्या बाजूला लाकडी खुंटीसाठी गोल भोक. बादलीत बसून दात घासायच्या ब्रशने धुतला तर भोकाच्या कडेला अंगठ्याचा ठसा निघाला. ओल्या मातीत काडी खुपसताना कारागिराने दुसऱ्या हाताने धरलं असणार. मी माझा अंगठा लावून पाहिला, माझा मोठा भरला. आमचं घर रत्नागिरीचं, लहानपणी आम्ही कौलं परतायला बाबांना खालून एकेक कौल हातात द्यायचो. ते वजन हाताला ओळखीचं वाटलं.

शेजारच्या बाई, पंच्याहत्तरीच्या, म्हणाल्या की या गल्लीत चाळीस वर्षं राहतेय, पण आपण ॲबीच्या, म्हणजे जुन्या मठाच्या, आवारात कांदे लावतोय हे आता कळलं.

लीड्सची मेघना
हाइड म्हणजे आल्फ्रेडच्या हाडांची ती गोष्ट ना? सांगा की कोणीतरी.

वेशीपलीकडे
सांगते. आल्फ्रेड ८९९ ला वारला. आधी ओल्ड मिन्स्टरमध्ये पुरला, मग न्यू मिन्स्टरमध्ये, मग १११० ला हाइडला. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात ॲबी बंद झाली. १७८८ मध्ये तिथे तुरुंग बांधायला घेतला आणि पाया खणणाऱ्या कैद्यांनी कबरी फोडून हाडं विस्कटली. एकोणिसाव्या शतकात कोणीतरी काही हाडं शोधून 'हाच आल्फ्रेड' म्हणून जवळच्या चर्चमध्ये पुरवली. २०१३ मध्ये ती काढून तपासली तर कितीतरी नंतरच्या काळातली निघाली.

मग कोणाला तरी आठवलं की १९९९ च्या सामुदायिक उत्खननातली काही हाडं खोक्यात पडून आहेत. त्यात कमरेच्या हाडाचा एक तुकडा, पुरुषाचा. कार्बन तपासणीत ८९५ ते १०१७ या दरम्यानचा ठरला. जागा वेदीजवळची. तो आल्फ्रेड असेल किंवा मुलगा एडवर्ड, किंवा घराण्यातलं आणखी कोणी. नक्की सांगता येत नाही. माझ्या मनात मात्र ते खोकं राहिलंय. चौदा वर्षं फडताळात, वर नुसता क्रमांक.

अभिजात
मग ते हाड आता परत पुरायला नको का? राजा असो की रंक, माणूस आहे.

वेशीपलीकडे
मलाही तसंच वाटतं, आणि तिथल्या बऱ्याच जणांनाही. इंग्लंडात माणसाचे अवशेष हलवायला सरकारी परवाना लागतो, आणि पुढे जपून ठेवायचे की पुन्हा पुरायचे हेही परवाना देताना ठरतं. पण लगेच पुरलं असतं तर १९९९ चा तुकडा पुढे तपासताच आला नसता. कॅथेड्रलमधल्या सहा लाकडी पेट्यांचंही तेच. सॅक्सन राजांची हाडं म्हणून ठेवलेल्या, १६४२ मध्ये यादवी युद्धात पार्लमेंटच्या सैनिकांनी उपसून फेकलेल्या, नंतर जशी मिळाली तशी परत भरलेल्या. ब्रिस्टल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मांडून पाहिली तर किमान २३ माणसं निघाली, त्यात एक प्रौढ स्त्री. ती नॉर्मन येण्याआधीची इंग्लंडची राणी एमा असावी असं त्यांना वाटतं. आधीच्या पिढीने पुन्हा पुरलं असतं तर ती बाई आजही कोणालाच माहीत नसती. दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि मला निवडता येत नाही.

पांढरीवरचा
अवांतरातून थोडं परत. वर १५ जुलैला संताला हलवलं असं वाचलं. तारीख मुद्दाम निवडलेली का?

वेशीपलीकडे
हो, त्याच दिवशी ९७१ मध्ये त्याला पहिल्यांदा हलवलं होतं. स्विदन नवव्या शतकातला बिशप. मला बाहेर पुरा, येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय आणि पावसाचे थेंब पडतील तिथे, अशी त्याची इच्छा होती म्हणतात. शंभरएक वर्षांनी त्याला आत नेलं आणि जोराचा पाऊस लागला, अशी लोककथा आहे. अजूनही इथले लोक म्हणतात की १५ जुलैला पाऊस पडला तर चाळीस दिवस पडणार. उत्खननात त्याच्या मूळ कबरीची जागाही मिळाली, जुन्या चर्चच्या पश्चिम दारासमोर. पुढे चर्चच वाढवून त्या जागेला आत घेतलं होतं.

सांगलीकर अण्णा
१५ जुलै म्हणजे पुनर्वसू नक्षत्र. आमचा तरणा पाऊस. त्यानंतर पुष्याचा म्हातारा. तिथल्या शेतकऱ्यांनीही आपले आडाखे बांधलेच की.

ओंजळ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी बाबांना पुन्हा तिथे घेऊन गेले, धाग्यातलं सगळं फोनवर उघडून. ते पश्चिमेच्या टोकापासून ओळीच्या आतून चालत निघाले. मी म्हटलं, इथे स्विदनची कबर होती. ते थांबले, चप्पल काढली, बाजूने वळसा घालून पुढे गेले. पूर्वेकडे जिथे ओळ कॅथेड्रलच्या भिंतीत शिरते तिथे हात टेकवून म्हणाले, "यातले काही दगड तेच असणार. जागा बदलली फक्त." थापीवाला, असेल का तसं?

थापीवाला
असणारच. पाडलं तेच मुळी दगडांसाठी, आणि गिऱ्हाईक शेजारी उभं होतं. त्याआधीही असंच झालंय. न्यू मिन्स्टरच्या पायात, म्हणजे ९०१ च्या आसपास, भरावाचा म्हणून टाकलेला एक दगड उत्खननात निघाला, त्यावर रंगवलेले चेहरे आहेत. त्याही आधीच्या कुठल्यातरी इमारतीच्या भिंतीचा तुकडा. इंग्लंडमधल्या सगळ्यात जुन्या भित्तिचित्रांपैकी तो एक. पायात गाडला गेला म्हणून रंग राहिला.

ओंजळ
हे आत्ता वाचून दाखवलं. शनिवारी संग्रहालय ठरलं. बाबा विचारताहेत, रंग कोणता आहे?

थापीवाला
तांबडा आणि पिवळा, गेरूच्या जातीचा. सोबत भिंग न्या.